दहा हजारांची गिटार : पारख आणि जुळवणी

कापडाचा पोत चिमटीत धरून, धान्याची मूठ तळहातावर पसरून, सोन्याचा कस कसोटीवर उतरवून मालाची पारख करणे व्यापारी घराण्यांत कोणाला वेगळे शिकवावे लागत नाही. पेढीवर बसता बसता ते अंगी मुरते. परंतु त्याच घरातील मूल एके दिवशी गिटार हवी म्हणून हट्ट धरते, तेव्हा मात्र ही पारख वाद्यांच्या दुकानाच्या उंबरठ्यावरच गळून पडते. रंग, चकाकी आणि विक्रेत्याने वाजवून दाखविलेली एखाद्या चित्रपटगीताची झलक, एवढ्यावर आठ-दहा हजारांचा व्यवहार होऊन जातो. पुढे तीन महिन्यांत बोटांच्या टोकांना फोड येतात, पाचही बोटे पणाला लावूनही ‘एफ’ ही कॉर्ड काही केल्या स्वच्छ वाजत नाही, मूल कंटाळते, वाद्य माळ्यावर जाते. आणि ‘आपल्या घरात हे रक्तातच नाही’ असा निष्कर्ष काढून विषय मिटविला जातो. प्रत्यक्षात अनेकदा दोष रक्ताचा नसतो. तारा पडद्यांपासून हव्यात त्यापेक्षा एखादा मिलिमीटर उंच असतात, इतकेच.

हा एक मिलिमीटर कोठून येतो, तो कसा ओळखावा आणि कसा घालवावा, हे समजून घेतले तर स्वस्त गिटारही उत्तम सोबत करते. न समजता घेतलेली महाग गिटारही तीच निराशा पदरात टाकू शकते.

गिटार भारतात परकी राहिलेली नाही. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी ती मांडीवर आडवी घेऊन तीवर राग वाजविले. पंडित शिवकुमार शर्मा यांचे संतूर आणि पंडित हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी यांच्या जोडीने त्यांनी वाजविलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ ची ध्वनिमुद्रिका आजही घराघरांत ऐकली जाते. मुंबईच्या धोबी तलाव परिसरातील फुर्तादोसारखे वाद्यांचे दुकान १८६५ पासून पाश्चात्त्य वाद्ये विकत आले आहे. आता तर भक्तिसंध्येच्या मंचावर हार्मोनियम आणि ढोलकीच्या बाजूला गिटार घेऊन बसलेला तरुण दिसला तर कोणी वळूनही पाहत नाही. याच मंचासाठी इलेक्ट्रो-अकूस्टिक प्रकारची गिटार मागितली जाते, आणि पहिला प्रश्न येथेच उभा राहतो.

इलेक्ट्रो-अकूस्टिक म्हणजे पोकळ लाकडी पोटाची साधी गिटारच. फरक असा की तिच्या घोडीच्या खाचेत, तारा ज्या पांढऱ्या पट्टीवर टेकतात त्या सॅडलच्या खाली, एक बारीक विद्युत-पट्टी दडविलेली असते, आणि पोटाच्या कडेला बटणे असलेली एक लहान पेटी बसविलेली असते. ती पट्टी म्हणजे पिकअप आणि पेटी म्हणजे प्रीअँप. पिकअप पिएझो तत्त्वावर चालतो: विशिष्ट स्फटिकांवर दाब पडला की त्यांत विद्युतभार उत्पन्न होतो. पिएर आणि जाक क्युरी या बंधूंनी १८८० साली हे दाखवून दिले. स्वयंपाकघरात टकटक करून शेगडी पेटविणारा लायटर ठिणगी टाकतो तो ह्याच गुणामुळे. अमेरिकेत हेलिकॉप्टर बनविणाऱ्या चार्ल्स कामन यांनी ओव्हेशन ही गिटारची कंपनी काढली, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सॅडलखाली पिएझो बसविण्याची पद्धत तिच्यामुळे रूढ होत गेली. तार थरथरते, सॅडलवरचा दाब त्याच लयीत कमी-अधिक होतो, आणि त्या दाबाची विजेत उमटलेली नक्कल ध्वनिक्षेपकाकडे जाते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही, तो सॅडलचा दाब मोजतो. पुढे जुळवणीच्या वेळी हीच बाब निर्णायक ठरते.

दहा हजारांच्या गिटारमध्ये ही विद्युत-सामग्री फुकट येत नाही. तिचा खर्च लाकूड, खुंट्या आणि कारागिरी यांच्या वाट्यातूनच वजा झालेला असतो. म्हणून ज्या मुलाला पहिली दोन वर्षे घरीच शिकायचे आहे त्याने त्याच किमतीची साधी गिटार घेणे अधिक शहाणपणाचे. पिकअप नंतरही बसविता येतो. मंडळाच्या कार्यक्रमांत, सभागृहात, मोठ्या ध्वनिक्षेपकांवर वाजविण्याची गरज खरोखरच असेल, तरच इलेक्ट्रो-अकूस्टिकचा विचार करावा. ‘असू द्या, कधीतरी उपयोगी पडेल’ हा हिशेब अडत्याकडून माल उचलताना कोणी करीत नाही. तो येथेही करू नये.

दुकानातील अर्धा तास

पारखीसाठी लागणारे साहित्य खिशात मावते. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली सहा इंची स्टीलची पट्टी, एक साधे व्हिजिटिंग कार्ड आणि मोबाइलवरील ट्यूनर. दोन फुटांची स्टीलची पट्टी बरोबर नेता आली तर उत्तम.

प्रथम वाद्य सुरात लावून घ्यावे. न लावलेल्या गिटारची कोणतीही मोजणी व्यर्थ आहे, कारण सहा तारांचा मिळून ओढा सुमारे सत्तर किलोग्रॅमचा, म्हणजे एका प्रौढ माणसाच्या वजनाइतका असतो. तो ओढा जागेवर असतानाच लाकूड आपले खरे रूप दाखविते. मग घोडीमागे पाहावे. तारांच्या ओढ्याने पोटाची फळी तेथे किंचित फुगलेली असणे स्वाभाविक आहे, परंतु घोडीची कड फळीपासून सुटू लागली असेल, तिच्याखाली कागदाची कड आत सरकत असेल, तर ते वाद्य परत टांगायला सांगावे. बोटाच्या पेराने पोटावर ठिकठिकाणी हलके ठोकून पाहावे. कोठे खुळखुळ वाजले तर आतील आधारपट्टीचा सांधा सुटलेला आहे.

दुसरी परीक्षा मानेच्या कोनाची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. दोन फुटी पट्टी तिसऱ्या आणि चौथ्या तारेच्या मधून, कडेवर उभी धरून, पडद्यांवर टेकवावी आणि घोडीकडे सरकवावी. तिचे टोक घोडीच्या लाकडाच्या वरच्या काठाला भिडले तर कोन योग्य. ते काठाच्या बरेच खाली आदळले तर मान पुढे झुकलेली आहे, आणि हा दोष दुरुस्त करण्याचा खर्च स्वस्त गिटारच्या किमतीलाही मागे टाकतो. याच तपासणीचे दुसरे अंग म्हणजे सॅडल घोडीच्या वर किती उरले आहे ते पाहणे. तीन मिलिमीटर किंवा अधिक असेल तर पुढे तारा खाली आणण्यास वाव आहे. जेमतेम एक मिलिमीटर शिल्लक असूनही तारा उंचच असतील, तर कारखान्याने जे करता येण्याजोगे होते ते आधीच करून संपविले आहे. अशा वाद्याला भविष्य नाही, मग त्यावर सवलत कितीही असो.

तारांची उंची बाराव्या पडद्यापाशी मोजतात: पडद्याच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत. सर्वांत जाड सहाव्या तारेची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि सर्वांत बारीक पहिल्या तारेची दोन मिलिमीटरच्या आसपास असली, तर नवशिक्याच्या बोटांना ती सोसते. स्वस्त गिटारी साडेतीन मिलिमीटर उंचीच्या निघतात तेव्हा नवल वाटून घेऊ नये. कारखान्याला तार पडद्यावर घासून खरखरल्याची तक्रार नको असते. तारा उंच ठेवल्या की ती तक्रार येत नाही, आणि बोटांची तक्रार दुकानापर्यंत कधी पोहोचत नाही.

यानंतर प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून एकेक स्वर वाजवावा. सहा तारा आणि वीस पडदे म्हणजे एकशे वीस स्वर. पाच मिनिटांचे काम आहे. विक्रेता कंटाळला तरी हरकत नाही. एखाद्याच ठिकाणी स्वर मुका होत असेल वा खरखरत असेल तर तेथला पडदा वर उचलला गेला आहे. मानेच्या कडेवरून हात फिरवून पडद्यांची टोके बोचतात का तेही पाहावे.

शेवटी स्वरशुद्धता. पडदे कोठे ठोकायचे याचे गणित जुने आहे. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिलेई यांनी १५८१ च्या आपल्या ग्रंथात तारेची लांबी अठरा भागांत वाटून पहिला पडदा बसविण्याचा मार्ग सांगितला होता; आज अठराच्या जागी १७.८१७ हा भाजक वापरतात. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिला पडदा त्यामुळे साडेछत्तीस मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर. परंतु तार दाबली की ती ताणली जाते आणि स्वर थोडा चढतो. त्याची भरपाई म्हणून सॅडल मूळ गणितापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मागे, आणि तेही तिरके बसविलेले असते. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तीच तार तेथे दाबून निघणारा स्वर ट्यूनरवर ताडून पाहावेत. ते जुळले तर ठीक. किंचित चढ असेल तर तारांची उंची कमी केल्यावर तो बहुधा ओसरतो. फरक मोठा असेल तर घोडीच चुकीच्या जागी चिकटविलेली आहे, आणि तिला हलविणे कोणाच्या हातचे नाही.

लाकडाविषयी विक्रेते पुष्कळ बोलतात. या किमतीत पोटाची फळी बहुतेक वेळा एकसंध नसून पातळ थर चिकटवून केलेली, साध्या भाषेत प्लायची, असते. एकसंध स्प्रूसच्या फळीचा आवाज अधिक मोकळा असतो हे खरेच. तथापि कोकणच्या वा मुंबईच्या पावसाळ्यात थरांची फळी कमी फुगते, कमी तडकते, हा तिचा गुण कोणी सांगत नाही. पश्चिम घाटातील शिसवीला गिटारच्या जगात मोठा मान आहे. शिसवीच्या संपूर्ण कुळावर २०१७ साली आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले आणि २०१९ साली तयार वाद्यांना त्यातून मोकळीक मिळाली. मधल्या काळात अनेक कंपन्यांनी स्वस्त वाद्यांसाठी दुसरी लाकडे शोधली. दहा हजारांच्या गिटारवर ‘रोझवूड’ असे नाव ऐकू आले तर ते लाकडाचे आहे की रंगाचे, एवढे विचारून घ्यावे.

जुळवणी

खरेदी झाल्यावर गिटार सरळ शिक्षकाकडे न नेता तंत्रज्ञाकडे न्यावी. जुळवणीचा खर्च गिटारच्या किमतीचा लहानसा हिस्सा असतो, आणि तो अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी धरावा. दहा हजार हातात असतील तर साडेआठ-नऊ हजारांची गिटार आणि उरलेल्यात जुळवणी, हा सौदा दहा हजारांच्या न जुळविलेल्या गिटारपेक्षा निःसंशय चांगला. काही कामे घरीही होतात; कोणती घरी करावीत आणि कोणती करू नयेत हे मात्र कळले पाहिजे.

कामांचा क्रम ठरलेला आहे आणि तो मोडू नये: आधी नव्या तारा, मग मान, मग वरच्या टोकाचा नट, आणि शेवटी सॅडल. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचे माप बदलते. दुकानात महिनोन्‌महिने टांगलेल्या तारा काळवंडलेल्या असतात, त्या काढून टाकाव्यात. नवशिक्यासाठी पहिली तार ०.०११ इंच जाडीची असलेला संच बारापेक्षा सोयीचा, कारण त्याचा ओढा कमी असतो.

मानेच्या आत पोलादाची एक सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांच्या नावे तिचे पेटंट १९२३ साली नोंदले गेले. तारा मानेला पुढे ओढतात, सळई तिला मागे रोखते. मान अगदी सरळही नको. तार थरथरायला मध्यभागी थोडी खोलगट जागा लागते. सहावी तार पहिल्या पडद्यावर आणि मान जेथे पोटाला मिळते तेथे एकाच वेळी दाबून धरली की ती तारच सरळ पट्टीचे काम करते. सातव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांच्यामध्ये साधे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावे, म्हणजे पाव मिलिमीटरहून किंचित अधिक अंतर असावे. फट मोठी असेल तर सळई घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक नाही, अशी आवळावी आणि पुन्हा सुरात लावून मोजावे. फट नसेलच तर उलट दिशेने. सळई अडली तर जोर करू नये. आणि तारा खाली आणण्यासाठी सळई फिरविणे, हा गल्लोगल्ली सांगितला जाणारा उपाय मुळातच चुकीचा आहे. सळई मानेचा बाक ठरविते, तारांची उंची सॅडल ठरविते.

नटच्या खाचा हे मात्र तंत्रज्ञाचेच काम. तिसऱ्या पडद्यावर तार दाबल्यावर पहिल्या पडद्यावर केसाएवढी फट दिसली पाहिजे. स्वस्त गिटारमध्ये ती बरीच मोठी असते, आणि ‘एफ’ कॉर्डची सारी यातना तेथेच साठलेली असते. प्रत्येक तारेच्या जाडीच्या वेगळ्या कानशीने त्या खाचा खोल कराव्या लागतात. घरातील सुरीने हा प्रयोग केला आणि खाच एक फेर जास्त घासली गेली, तर मोकळी तार पहिल्या पडद्यावर खरखरू लागते व नट बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

सॅडलचे गणित व्यापाऱ्याला लगेच पटेल असे आहे. बारावा पडदा तारेच्या मध्यावर असल्यामुळे सॅडलवर जितके कमी करावे त्याच्या निम्मेच बाराव्या पडद्यावर कमी होते. म्हणजे ३.३ मिलिमीटरची उंची २.५ वर आणायची असेल तर फरक ०.८, आणि सॅडल त्याच्या दुप्पट, १.६ मिलिमीटरने घासायचे. घासणे वरून नव्हे, तळातून. वरचा गोलावा कारखान्याने दिलेला असतो. तारा सैल करून, पकडीच्या जबड्याला कापड गुंडाळून सॅडल उपसावे, पेन्सिलीने रेघ मारावी, सपाट काचेवर पॉलिश पेपर चिकटवून, सॅडल काटकोनात उभे धरून, एकाच दिशेने घासावे; शेवटी चारशे नंबरचा कागद. जुने सॅडल घासण्यापेक्षा त्याच मापाचे नवे आणून घासणे आणि जुने जपून ठेवणे श्रेयस्कर. माप चुकले तरी मूळ भांडवल शाबूत राहते.

आणि येथेच पिकअपचा संबंध येतो. सॅडलचा तळ तसूभरही वाकडा राहिला तर पिकअपवर दाब सारखा पडत नाही. हातात घेऊन वाजविताना काहीही जाणवणार नाही. पण ध्वनिक्षेपकाला जोडताच पहिली तार किंचाळेल आणि चौथी लुप्त होईल. तळ पट्टीला लावून उजेडासमोर धरावा. कोठूनही प्रकाशाची फट दिसली तर काम संपलेले नाही. स्वस्त इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारविषयीच्या ‘पिकअप खराब आहे’ अशा बहुसंख्य तक्रारींचे मूळ पिकअपमध्ये नसून या तळात असते.

‘बोन’ म्हणजे काय

तंत्रज्ञाच्या टेबलावर गिटार आली की बहुतेक ठिकाणी एक वाक्य ठरलेले असते: ‘साहेब, प्लास्टिक काढून बोन टाकून घ्या, आवाज खुलेल.’ मुलाला वाटते बोन हे एखाद्या दर्ज्याचे नाव असावे. घरचेही होकार देतात. काही दिवसांनी कोणीतरी अर्थ सांगते, आणि मग ज्या वाद्यावर रोज स्तवन वाजते त्याच्या दोन्ही टोकांना जनावराचे हाड बसले आहे, हे उमगून घरात शांतता पसरते. गाय, म्हैस वा उंट यांचे हाड उकळून, स्वच्छ करून, कापून त्याच्या या पट्ट्या होतात. फसवणूक येथे कोणीही केलेली नसते. शब्द इंग्रजी होता, एवढेच.

वाद्यांच्या इतिहासात ही गोष्ट नवी नाही. जुन्या पाश्चात्त्य गिटारींच्या नट-सॅडलला हस्तिदंत असे, आणि नायलॉनच्या तारा १९४० च्या दशकात येण्यापूर्वी शास्त्रीय गिटारला मेंढीच्या आतड्याच्या तारा लावीत. आपल्याकडेही सतारीच्या घोडीवर सांबरशिंग वा उंटाचे हाड वापरण्याची चाल होती. ज्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या वाद्यांच्या घोडीला तर जवारी काढावी लागते: तार घोडीच्या गोलाव्याला सूक्ष्मपणे घासून गुंजली पाहिजे. गिटारमध्ये नेमके तेच घासणे हा दोष मानला जातो. तारेखालच्या पट्टीचा कठीणपणा दोन्हीकडे हवा; तो हाडातूनच मिळावा असा मात्र कोणताही नियम नाही.

पर्याय सहज मिळतात. कॅनडातील ग्राफ टेक कंपनीचे टस्क नावाचे कृत्रिम साहित्य खास याच कामासाठी बनविलेले आहे आणि भारतात उपलब्ध आहे. कागदाचे वा कापडाचे थर राळेत दाबून केलेला मिकार्टा नामांकित अमेरिकी गिटारींवरही वर्षानुवर्षे बसविला गेला आहे. घन पितळेचा नटही चालतो. त्याचा आवाज थोडा तेज येतो. आवाजातील फरकाविषयी वादक तासन्‌तास वाद घालतील, पण खाचेत घट्ट, तळाशी सपाट बसलेले कृत्रिम सॅडल हे ढिल्या बसलेल्या हाडापेक्षा नेहमीच सरस वाजते. पिकअपच्या दृष्टीने तर कृत्रिम साहित्याचा एक ठोस लाभ आहे. हाड निसर्गनिर्मित असल्यामुळे त्याची घनता ठिकठिकाणी बदलते, कारखान्यातील साहित्याची बदलत नाही. त्यामुळे सहाही तारांचा दाब अधिक सारखा पोहोचतो. टाळायचे ते एवढेच: कारखान्याचा पोकळ, मऊ प्लास्टिकचा नट. तो बदलणे खरोखरच लाभाचे.

गंमत अशी की या बाबतीत स्वस्त गिटारच जैन घराला अधिक सोयीची पडते. तिचे सांधे कृत्रिम डिंकाचे असतात; उच्च प्रतीच्या हस्तनिर्मित गिटारींत अजूनही जनावराच्या कातड्यापासून केलेला सरस वापरणारे कारागीर आहेत. तिच्यावरील चकाकी पॉलियुरेथेनची वा पॉलिएस्टरची असते. महागड्या शास्त्रीय गिटारींवर लाखेच्या किड्यांपासून मिळणाऱ्या चपडीचे पॉलिश चढवितात. मानेवरचे पांढरे ठिपके प्लास्टिकचे असतात, महाग वाद्यांत शिंपल्याचे. सुधारणा म्हणून जे जे सुचविले जाते, तेथेच हाड, शिंपला आणि चामड्याचा पट्टा शिरतो. म्हणून तंत्रज्ञाच्या पावतीवर ‘नट व सॅडल : कृत्रिम’ असे लिहून घ्यावे. दुरुस्तीसाठी पुन्हा वाद्य सोडताना तीच पावती उपयोगी पडते.

ध्वनिक्षेपकाला जोडताना

प्रीअँपची परीक्षा करताना सारी बटणे मध्यावर ठेवून सुरुवात करावी. विक्रेता खर्ज आणि तीव्र स्वर दोन्ही चढवून ठेवतो. त्या झगमगाटात मूळ आवाज कळत नाही. एकेक तार सारख्या जोराने छेडून सहाही सारख्या ऐकू येतात का ते पाहावे. मग काहीही न वाजविता आवाज वाढवावा आणि घूं असा गुंजारव किती आहे ते ऐकावे. वायर जोडतात त्या खाचेत पिन हलवून पाहावी. खरखर झाली तर ती खाच लवकरच दगा देणार.

पिएझोचा आवाज मुळात थोडा नाकातला, कोरडा असतो. दहा हजारांच्या गिटारमध्ये तो लाकडासारखा वाटेल ही अपेक्षा ठेवू नये. मधल्या स्वरपट्ट्याचे बटण थोडे उतरविले की कठोरपणा निवळतो. सभागृहात शिट्टी वाजू लागली तर आवाज कमी करण्याआधी ध्वनिक्षेपकाच्या समोरून बाजूला सरकावे आणि पोटाच्या गोल छिद्रात रबरी झाकण बसवावे. शंभर-दोनशे रुपयांचे हे झाकण कित्येक कार्यक्रम वाचविते. मंच मोठा आणि वायर लांब असेल तर मधे डीआय बॉक्स मागावा. प्रीअँपमध्ये ट्यूनर असतो तो बरा, पण जुळवणीच्या दिवशी मोबाइलवरील ट्यूनरशी एकदा ताडून घ्यावा.

बॅटरी नऊ व्होल्टची असते, आणि तिच्याविषयी अनेकांना माहीत नसलेली बाब अशी की बहुतेक गिटारींत वायरची पिन हीच तिचा स्विच आहे. पिन आत गेली की प्रीअँप जागा होतो. आवाजाचे बटण शून्यावर असले तरी बॅटरी खर्च होतच राहते. सराव संपताच पिन काढावी. परीक्षांच्या काळात गिटार महिनोन्‌महिने बंद राहणार असेल तर बॅटरीही काढून ठेवावी, नाहीतर ती पाझरून पेटीतील पितळी जिभल्या खाऊन टाकते.

उरला तो पावसाळा. लाकडाला हवेतील पन्नास टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता मानवते. जुलैत मुंबई, रत्नागिरी, कोल्हापूरकडे ती ऐंशीच्या वर सहज जाते. पोट फुगते, घोडी वर उचलली जाते, तारा उंचावतात, आणि उन्हाळ्यात नीट वाजणारी गिटार श्रावणात पुन्हा बोटांना टोचू लागते. विदर्भ-मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये उलट घडते: मान आक्रसते, पडद्यांची टोके बाहेर येऊन बोचतात. पावसाळ्यात वाद्य भिंतीवर न टांगता पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. दुकानात आलेल्या मालाबरोबर या पुड्या येतातच, त्या तव्यावर मंद आचेवर न तापविता उन्हात वाळवून पुन्हा वापराव्यात. बाराव्या पडद्यावरची उंची मेमध्ये, ऑगस्टमध्ये आणि दिवाळीनंतर अशी तीनदा मोजून, तारीख घालून एखाद्या जुन्या वहीच्या पानावर लिहून ठेवली, तर पुढच्या श्रावणात सळईला पाव फेरा द्यायचा की नुसते दोन आठवडे थांबायचे, ते त्या तीन आकड्यांवरूनच कळते.